काकींचं नाक आणि माझं मशीन

बैलांनी ओढत आणलेली मोटर पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला वाटलं, बिचाऱ्यांची वाटेत बंद पडली. पेणला परिवहन कार्यालयाकडे वळणाऱ्या रस्त्यावर आमचं पीयूसीचं केंद्र होतं. केंद्र हा शब्द मालकाने पाटीवर लिहून घेतला होता म्हणून म्हणायचं. एरवी ती एक जुनी व्हॅन होती, आत गाड्यांचा धूर तपासायचं मशीन, बाहेर एक स्टूल आणि स्टुलावर मी. खारेपाटातल्या मिठागरवाल्याची मुलगी, आयटीआय झालेली, घरात पहिला पगार आणणारी. अंगात रग भरपूर होती. मी स्टुलावरूनच ओरडले, "काका, गॅरेज मागं राहिलं!"

पुढे एक गडी बैल हाकत होता आणि मागे मोटरीत काका स्टिअरिंग धरून बसले होते. बैल थांबले. मग "बंद कुठं हाय?" म्हणून त्यांनी बसल्या जागी किल्ली फिरवली. इंजीन लागलं. इतकं हळू लागलं की बैलांनी कानसुद्धा हलवले नाहीत.

"मग बैल कशाला जुंपलेत?"

"नंबर नाय मिळाला अजून. बिननंबरची गाडी रस्त्यावर चालवायची नाय, कायदा हाय. ओढायची नाय असं कुठं लिवलंय?"

कुठे लिहिलं असेल तर मलाही माहीत नव्हतं. मी गाडीभोवती एक फेरी मारली. खालचा सांगाडा मिलिटरीच्या लिलावातल्या जुन्या जीपचा. इंजीन मुंबईच्या कुठल्याशा मोडीत निघालेल्या टॅक्सीचं. वरचं सगळं घरचं. मडगार्ड असे गोल आणि गुळगुळीत की हात फिरवावासा वाटे. सायलेन्सरचा पाइप मागून उभा वर गेलेला, भाताच्या गिरणीच्या धुराड्यासारखा. सीटवर रेक्झिन नाही, काथ्याने विणलेली बाज. आणि पुढे हेडलाइटच्या जागी नुसती दोन गोल भोकं, त्यांच्यावर पांढरं फडकं बांधलेलं. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन आलेल्या माणसासारखी गाडी माझ्यासमोर उभी होती.

"नंबर नाही तर पावती करता येत नाही," मी म्हटलं.

"पावती नको. नळी लाव आणि आकडा सांग."

मी नळी लावली. दोन पूर्णांक सहा. त्या वेळी पेट्रोलच्या मोटरीला तीन टक्क्यांपर्यंत मुभा होती. "पास आहे तुमची गाडी," मी म्हटलं, "कायद्याला चालते."

"कायद्याला चालंल गो," काका म्हणाले. "घरी नाय चालत."

एवढं बोलून बैल वळवून ते निघूनही गेले. महिन्याभराने पुन्हा बैल, पुन्हा मोटर, पुन्हा तेच. "काय म्हनतंय तुझं मशीन?" मी आकडा सांगायची. ते तो खिशातल्या बिडीच्या बंडलाच्या कागदावर लिहून घ्यायचे आणि परत जायचे. चौथ्या वेळेला माझ्याने राहवेना. मी विचारलं, "काका, घरी कुणाला चालत नाही?"

तेव्हा मला काकींची गोष्ट कळली.

काकींना गाडी लागायची. तशी खूप जणांना लागते. लिंबू हुंगतात, आवळासुपारी तोंडात टाकतात, खिडकीशी बसतात आणि पोचतात. काकींचं तसं नव्हतं. एसटी स्टँडात शिरली की इकडे काकींच्या पोटात ढवळायला सुरुवात. गाडीत चढायच्या आधीच सगळं बाहेर. आगगाडीचाही प्रयत्न झाला होता. पेण स्टेशनावर डिझेलचं इंजीन आलं, आणि काकी फलाटावरूनच घरी परत आल्या. त्यांची एकुलती लेक रोह्याला दिलेली. लग्न मांडवात, दारात, हमरापूरलाच झालं, त्यामुळे तेव्हा प्रश्न आला नाही. पण त्याला अकरा वर्षं झाली होती आणि या अकरा वर्षांत काकींनी लेकीचं घर पाहिलं नव्हतं. लेक माहेरी यायची, बाळंतपणं इथेच झाली, सगळं खरं. पण व्याह्यांच्या घरी बोलणं सुरू झालं होतं. विहीणबाई आमच्या घरचं पाणीसुद्धा पीत नाहीत, एवढ्या कोण लागून गेल्या? दर दिवाळीला लेक येऊन आईसमोर रडायची. म्हणायची, "आई, एकदा ये गो. एक कप चहा पी माझ्या घरात, मग परत नको येऊस."

"म्हनून गाडी बनवली," काका म्हणाले. जसं कुणी म्हणावं, म्हणून पाट बनवला.

काकांचा धंदा गाड्यांचा नव्हताच. ते गणपतीचे डोळे काढायचे. आमच्या भागात याला आखणी म्हणतात. हमरापूरच्या बाजूला घरोघरी कारखाने, मूर्ती ओतणारे वेगळे, घासणारे वेगळे, अंगरंग मारणारे वेगळे, आणि सगळ्यांच्या शेवटी डोळे काढणारा. काका एका कारखान्यातून दुसऱ्या कारखान्यात जायचे, मूर्तीसमोर बसायचे, श्वास रोखायचे आणि डोळा उघडायचे. श्वास सोडला की दुसरा डोळा. दिवसात चाळीस चाळीस जोड्या. त्यांचा एक बारीक ब्रश कायम कानावर असायचा. कार्बोरेटरचं जेटसुद्धा ते त्यानेच साफ करायचे, आणि त्या वेळीही श्वास रोखायचे.

माणसाशी बोलताना ते त्याच्या डोळ्यांकडे बघायचे, पण डोळ्यांत नाही बघायचे. कारागिराने दुसऱ्याचं काम तपासावं तसं बघायचे. मला पहिल्याच महिन्यात म्हणाले, "तुझा डावा डोळा एक सूत खाली हाय. राहू दे, बरा दिसतो." मी आठवडाभर आरशासमोर उभी राहून सूत मोजत होते. एकदा ट्रॅफिकच्या हवालदाराला त्यांनी सांगितलं, "तुम्ही रागीट नाय हो, तुमच्या भुवया चुकीच्या बसल्यात." हवालदार हसावं की लिहून घ्यावं या विचारात पडला आणि तेवढ्यात बैल पुढे गेले.

मी एकदा त्यांच्या घरी गेले. ओटीच्या भिंतीवर कोळशाने दोन रांगा लिहिल्या होत्या. डावीकडे माझ्या मशीनचे आकडे. उजवीकडे पावलं. काकी दारात उभ्या राहायच्या, काका चिंचेखाली गाडी चालू करायचे आणि काकी एकेक पाऊल गाडीकडे यायच्या. पोटात ढवळलं की हात वर करायचा. तिथून गाडीपर्यंत पावलं मोजायची. दोन पूर्णांक सहाला बावीस पावलं. दोनला पंधरा. एक पूर्णांक चारला नऊ. माझं मशीन परदेशातून आलेलं, मालक त्याला उदबत्ती ओवाळायचा. पण भिंत वाचली तर चूक कुणाची निघत होती सांगू? एकदा मशीनने एक दाखवलं आणि काकींनी तेरा पावलांवरच हात वर केला. काका सरळ माझ्याकडे आले. मी तोऱ्यात मशीन उघडून दाखवलं, तर नळीतला फिल्टर चोंदला होता. काकी उंच, हाडापेराने मजबूत, शाडू मळून मळून मनगटं पुरुषासारखी. त्यांना मी ही गोष्ट सांगितली तेव्हा त्या म्हणाल्या, "नाक हाय ते. त्याला काय लाइट लागते?"

रोहेकर मंडळी काहीही म्हणोत, या बाईला गर्व नव्हता. भीती होती. ती काय होती ते मात्र मला फार उशिरा कळलं.

गाडी हळूहळू काकींजवळ येत होती, पण सरकारजवळ काही येईना. परिवहन कार्यालयातले एक साहेब अशा गाड्या तपासायचे. साताऱ्याकडचे, कमी बोलणारे, फॉर्मवरच्या प्रत्येक रकान्यावर पेनाने टिंब देत जाणारे. पहिल्या खेपेला त्यांनी सांगाड्यावरचा ठोकलेला नंबर शोधायला सुरुवात केली. त्याची कागदावर पेन्सिलने छाप घ्यायची असते. साहेब वाकले, आडवे झाले, बोटाने चाचपत राहिले. नंबर नाही. सांगाडा मूर्तीच्या पोटासारखा गुळगुळीत.

"इथे आकडे कोरलेले असायला हवेत," साहेब म्हणाले.

काकांच्या चेहऱ्यावर प्रकाश पडला. "ते होय! खड्डे होते तिथं बारीक बारीक. लांबी भरली, पॉलिश पेपर मारला. अंगावर खड्डा ठेवायचा नाय हो."

जन्मभर मूर्तीचे खड्डे भरणाऱ्यांच्या गावात राहिलेला माणूस दुसरं काय करणार? पण साहेबांनी फॉर्म मिटला. पंधरा दिवस काका त्याच बारीक ब्रशाने आणि सुईने एकेक आकडा उकरत बसले होते. रंगाच्या रकान्यातही अडचण आली. गाडीला त्यांनी मूर्तीला मारतात तो अंगरंग मारला होता. क्लार्कने विचारलं, रंग कोणता? काका म्हणाले, "अंगाचा." क्लार्कने बराच वेळ पेन हवेत धरलं आणि शेवटी बदामी लिहिलं.

खरी गाडी अडली ती डोळ्यांपाशी.

"हेडलाइट कुठे आहेत?" दुसऱ्या खेपेला साहेबांनी विचारलं.

"घरी हायत."

"लावून आणा."

"तुम्ही पास करा, मग लावतो."

"तुम्ही लावा, मग पास करतो."

हे वर्षभर चाललं. दर दोन-तीन महिन्यांनी बैल यायचे, साहेब बाहेर यायचे, ही चार वाक्यं व्हायची, आणि बैल परत जायचे. तोवर गाडीचा आकडा एकाच्याही खाली आला होता आणि काकी तीन पावलांवर. म्हणजे नुसत्या दोन काचांसाठी सगळं खोळंबलं होतं. मला इतका संताप आला की एक दिवस मी स्टूल सोडून त्यांच्या बैलांसमोर जाऊन उभी राहिले.

"काका, काय चालवलंय हे? लेक तिकडे रडते, काकी इकडे झुरतात, आणि तुम्ही दिव्यांवरून अडून बसलाय!"

काका रागावले नाहीत. गाडीतून उतरले आणि रस्त्याच्या कडेला बसले. म्हणाले, "ऐक. मी विशीतला असेन. मुंबईचा व्यापारी घाई करत होता म्हनून एका मूर्तीला मी वेळेआधी डोळे काढले. मग कुनाच्या तरी ध्यानात आलं, सोंड वाकडी हाय. मालक म्हनाला घास. मी कानस लावली आणि वर बघितलं. ती बघत होती माझ्याकडं." त्यांनी कानावरचा ब्रश चाचपला. "तवापासून सगळं अंग तपासून झाल्याबिगर मी डोळे देत नाय. साहेब उद्या म्हननार, हे काप, ते घास. उघड्या डोळ्यांसमोर मी कानस चालवनार नाय."

"अहो, ती मोटर आहे!"

"आनि मूर्ती काय? प्लास्टरच हाय की."

मी बैलांसमोरून बाजूला झाले.

त्या दुपारी मी साहेबांकडे गेले. घाबरतच गेले, कारण त्यांच्याकडे कामाशिवाय कुणी जात नसे. मी एका दमात सगळं सांगितलं. काकी, रोहा, व्याही, भिंत, सोंड, कानस. साहेबांनी ऐकून घेतलं आणि "बरं" म्हणाले. बास. मला वाटलं, पालथ्या घड्यावर पाणी.

पुढच्या खेपेला बैल आले. साहेब बाहेर आले. हेडलाइटचं नावच काढलं नाही. ब्रेक बघितले, टिंब. हॉर्न, टिंब. सांगाड्याच्या आकड्यांची छाप घेतली, टिंब. मला हाक मारून म्हणाले, "धूर बघा, आणि गाडीच्या नंबरच्या जागी सांगाड्याचा नंबर लिहा." मी नळी लावली. शून्य पूर्णांक सहा. टिंब. वाकून खालून बघितलं, टायर बघितले, काथ्याच्या बाजेवर स्वतः बसून बघितलं. मग उठले, फॉर्म काकांसमोर धरला आणि म्हणाले, "आजोबा, अंग सगळं तपासून झालं. यात आता काही कापायचं नाही, घासायचं नाही. मी लिहून दिलंय. एकच रकाना राहिलाय. द्या डोळे. मी थांबतो."

काकांनी साहेबांच्या डोळ्यांकडे बघितलं. पहिल्यांदाच, डोळ्यांत बघितलं. मग बाजेखाली हात घालून त्यांनी एक गाठोडं काढलं. काकींच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात दोन हेडलाइट गुंडाळलेले होते. म्हणजे दर खेपेला ते बरोबर होते! "घरी हायत" म्हणून हा माणूस वर्षभर त्यांच्यावर बसून येत होता. गर्दी जमली होती, एजंट, रिक्षावाले, लायसन्सला आलेली माणसं. काका म्हणाले, "समोर कोन नको." सगळे बाजूला झाले. साहेबसुद्धा झाले. काकांनी पांढरं फडकं सोडलं, श्वास रोखला आणि पहिला दिवा बसवला. श्वास सोडला, पुन्हा रोखला, दुसरा बसवला. वायर जोडल्या. भर दुपारच्या उन्हात ते दोन दिवे लागले. दिसत तर होते जेमतेम, पण रिक्षावाल्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मी रडले. का रडले ते विचारू नका.

त्या दिवशी नंबर मिळाला आणि बैल मोकळे मागून आले.

आठवड्याने, रविवारी सकाळी, रोह्याला जायचं ठरलं. काका म्हणाले, "तू पन चल. वाटेत वास आलाच तर तो आपला की दुसऱ्याचा हे सांगायला कोन तरी पायजे." मी मागे बसले. काकी पुढे, हिरवं लुगडं, मांडीवर पोह्याच्या पापडांचा डबा, मुठीत लिंबू. गावातल्या बायका जमल्या होत्या. काकी कुणाकडे बघत नव्हत्या. गाडीला डोळे आले होते खरे, पण काकींनी आपले मिटून घेतले होते.

पेण गेलं. काही झालं नाही. वडखळचा नाका गेला. नागोठण्याला काकींनी एक डोळा उघडला. "आलं काय रोहा?" "नाय, नागोठणं." "मग थांबलात कशाला?" मला हसू फुटलं. काकाही हसले. लिंबू काकींनी डब्यावर ठेवून दिलं. रोह्याच्या रस्त्याला लागलो तेव्हा त्या मला शेतं दाखवायला लागल्या, हे भात, हे वाल, जशी काही मीच पहिल्यांदा घराबाहेर पडले होते. मला इतकं बरं वाटत होतं! माझ्या मशीनचा शून्य पूर्णांक सहा खरा ठरत होता.

भिसे खिंडीच्या चढावर पुढे एक ट्रक लागला. भरलेला, रडतखडत चढणारा, आणि मागून काळाकुट्ट धूर. रस्ता अरुंद, वळणावर वळण, पुढे काढता येईना. काकांनी गाडी मागे घेतली, थांबवली, पण खिंडीत धूर साचून राहिला होता. काकींनी लिंबू शोधलं, ते खाली पडलं होतं. "थांबवा," म्हणाल्या. थांबलेलीच होती गाडी. त्या उतरल्या, करवंदीच्या जाळीपर्यंत गेल्या आणि वाकल्या.

काका स्टिअरिंग धरून तसेच बसले होते. त्यांचा चेहरा मला बघवेना. मागे न वळता त्यांनी विचारलं, "आपला की त्याचा?"

मी ट्रककडे बघत होते. वळणावर त्याची पाठ पुन्हा दिसली. फळीवर रंगवलं होतं, 'आईचा आशीर्वाद', आणि आशीर्वादातला रफार अर्धा पुसलेला. तो ट्रक मी ओळखत होते. त्याचा ड्रायव्हर दर सहा महिन्यांनी यायचा, येताना अलिबागच्या पांढऱ्या कांद्याची माळ आणायचा, आणि मी नळी उचलली की म्हणायचा, "कशाला हात काळे करतेस ताई, रांग बघ केवढी." रांग खरंच असायची. मालकाचीही घाई असायची. मी नळी परत टांगायची आणि आकडा मनाने लिहायची. शेवटची पावती मी त्याला वीस दिवसांपूर्वी दिली होती. शिक्का मारून.

"त्याचा," मी म्हटलं. आणि मग, कशी कोण जाणे, "आणि माझा" असंही म्हटलं. सगळं सांगितलं. कांद्यांसकट.

काकांनी मागे वळून माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते हळूच म्हणाले, "अंग न बघता डोळे दिलेस गो."

बास, एवढंच. आज इतकी वर्षं झाली, मला त्याहून मोठी शिवी कुणी दिलेली नाही.

काकी तोंड पुसत आल्या. काका म्हणाले, "चल, परत जाऊ. मी अजून बगतो, पाइप आणखी वर घेतो..."

"परत?" काकी कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "परत कशाला? झाली ना उलटी? झाली. आता पोटात काय हाय बाहेर यायला?"

"अगो पन..."

"पन काय? मला उलटीची भीती होती काय? इतकी वरसं मी ह्याला भीत होते, की व्याह्यांच्या दारात उतरायची आनि त्यांच्या उंबऱ्यावरच... लेकीची मान खाली जायची. ती इथं झाली. करवंदीनं बघितली. करवंद काय गावभर सांगत फिरनार नाय. चला!"

आणि त्या पुढच्या सीटवर चढून बसल्या. काकांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा काकींकडे. इतकी वर्षं एका घरात राहून, भिंत भरून पावलं मोजून, ही एक गोष्ट त्यांनी कधी विचारली नव्हती, आणि काकींनी सांगितली नव्हती.

रोह्याला लेकीने गाडीचा आवाज ऐकला नाही, कारण आवाज नव्हताच. ती अंगणात भांडी घासत होती. मान वर केली तर दारात आई. हातातलं पातेलं तसंच राखेत पडलं. काकी म्हणाल्या, "चहा ठेव." विहीणबाई आतून आल्या, दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. काकींनी एक कप घेतला, बशीत ओतून सावकाश प्यायल्या, कप पुढे केला आणि म्हणाल्या, "आजून हाय?" मग विहीणबाईंनीच उठून दुसरा आणला.

नंतर काकी रोह्याला बऱ्याच वेळा गेल्या. वाटेत कधी व्हायची, कधी नाही व्हायची. झाली की खिंडीत. त्या ठिकाणाला आम्ही विहीणबाईंचा थांबा म्हणायचो.

'आईचा आशीर्वाद' सहा महिन्यांनी आला. कांद्याची माळ घेऊनच. "कशाला हात काळे करतेस ताई." मी म्हटलं, "होऊ देत." नळी लावली. नापास. तो माझ्याकडे असा बघत राहिला, जसं मी त्याच्या आईला काही बोलले. माळ परत घेऊन गेला, आणि पुन्हा आमच्याकडे आला नाही. तसे पुष्कळ आले नाहीत. मालकाची माझी रोज वाजायची. पण मशीन चालवणारी दुसरी कुणी मिळेना आणि मी ऐकेना, असं करत आम्ही ढकललं. माझे हात त्या दिवसांत खरोखरच काळे असायचे, साबणाने जायचे नाहीत.

काका दर सहा महिन्यांनी नेमाने यायचे. आता बैल नाहीत, गाडीला नंबर, पुढे दोन स्वच्छ डोळे. मी नळी लावायची. "काय म्हनतंय तुझं मशीन?" "शून्य पूर्णांक पाच." "तिचं नाक म्हनतं सात." आणि हसायचे. आकडा काहीही असो, काकींच्या नाकाचा त्याहून दोन जास्त. ते भांडण संपू नये असं दोघांनाही वाटत असावं.

काकी गेल्या त्या वर्षी गणपतीच्या हंगामात काका आखणीला बसले नाहीत असं ऐकलं. नंतर एक दिवस गाडी व्हॅनसमोर येऊन उभी राहिली. ते उतरले नाहीत. बाजूची काथ्याची सीट रिकामी होती, त्यावर घडी केलेला लुगड्याचा तुकडा. मी स्टुलावरून उठले. नळी लावली, आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ लावून ठेवली.

"काय म्हनतंय तुझं मशीन?"

"शून्य पूर्णांक सहा."

मी वाट बघत राहिले. सवयीने. ते समोर काचेतून रस्त्याकडे बघत होते. तिकडे बघतच म्हणाले, "मग आता तुझंच खरं."

मी पावती लिहिली. प्रत्येक आकडा नीट कोरून लिहिला. माझे हात काळे होते, कागदाला बोटांचे डाग पडले. काकांनी ते डाग बघितले, पावती घडी करून लुगड्याच्या तुकड्यात ठेवली आणि गाडी चालू केली.